डिपस्टिकवर लिहिलेलं तेल आता कुठे मिळतं?

(जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. संयोजकांनी आधीच चिठ्ठ्या मागवल्या होत्या. त्या वाचल्या आणि मी लिहून आणलेली निम्मी टिपणं खिशात परत ठेवली, कारण प्रश्न बहुतेक एकच आहे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा. डिपस्टिक म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, डेक्स्रॉन म्हणजे जनरल मोटर्सने ठरवलेलं या तेलाचं मानक, आणि टू, थ्री, सिक्स या त्याच्या पिढ्या. ‘डिपस्टिकवर डेक्स्रॉन टू लिहिलंय. दुकानदार म्हणतो, ते कधीच बंद झालं, थ्री घ्या. शेजारचा म्हणतो, सिक्स घ्या, सिंथेटिक आहे, भारी आहे. काय घालू?’ एका चिठ्ठीवर तर एवढंच आहे: ‘लाल असलं म्हणजे चालेल ना?’

लालवाल्यांना आधी उत्तर देतो. नाही. लाल हा नुसता टाकलेला रंग आहे. गाडीखाली थेंब दिसला तर तो इंजिनचा की गिअरबॉक्सचा हे चटकन कळावं, एवढाच त्याचा उपयोग. एकमेकांशी अजिबात न जुळणारी कित्येक तेलं सारखीच लाल असतात. मर्सिडीजच्या नव्या गिअरबॉक्सचं एक तेल तर चक्क निळं येतं.

आता मुद्द्यावर येतो. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेलाचं काम दातांना वंगण देणं. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल वंगण असतं, गिअरबॉक्स थंड ठेवतं, दाबाने व्हॉल्व्ह आणि पिस्टन हलवतं, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद पुढे पोचवतं. आणि या सगळ्यांपेक्षा अवघड काम म्हणजे क्लच प्लेटांमधलं घर्षण सांभाळतं. गिअर बदलताना तेलात बुडालेल्या प्लेटा एकमेकींवर काही क्षण घासतात आणि मग एकत्र फिरू लागतात. त्या काही क्षणांत पकड किती असावी, हे प्लेटवरच्या अस्तराइतकंच तेल ठरवतं. म्हणून ‘चांगलं तेल’ असा प्रश्न इथे लागूच पडत नाही. त्या गिअरबॉक्सच्या डिझायनरने कसली पकड धरून प्लेटांची संख्या आणि क्षेत्रफळ ठरवलं, हा खरा प्रश्न.

नवशिका ड्रायव्हर सिग्नलला थांबताना ब्रेक शेवटपर्यंत दाबून ठेवतो आणि शेवटच्या फुटाला सगळ्यांच्या माना पुढे जातात, हे तुम्ही अनुभवलं असेल. घसरण्याचा वेग शून्याकडे येतो तशी पकड वाढते, म्हणून तो धक्का. तेलात घर्षण सुधारणारं रसायन नसेल तर क्लच असाच शेवटी कचकन पकडतो. ते रसायन घातलं की उलटं होतं. वेग कमी होताना पकड थोडी सैल पडते आणि गिअर मऊ बसतो.

अमेरिकेत या दोन वाटांवर दोन घराणी उभी राहिली. जनरल मोटर्स मऊ गिअरच्या बाजूची. फोर्डने साठच्या दशकात टाइप एफ आणलं, त्यात हे रसायन नाही. टाइप एफवर चालणारा गिअरबॉक्स त्या घट्ट पकडीच्या भरवशावर बनवलेला असतो. त्यात डेक्स्रॉन घातलं तर पहिल्या दिवशी गाडी इतकी गुळगुळीत चालते की मालक खूश होतो. पण प्लेटा जास्त वेळ घासतात, तापतात आणि अस्तर जळायला लागतं. उलट बाजूला, जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्समध्ये टाइप एफ घातलं की धक्के बसतात. शर्यतीच्या गाड्यांची हौस असलेले काही जण ते मुद्दाम घालतात, त्यांना तो धक्का आवडतो. घरच्या गाडीत असलं काही करू नये.

आपल्याकडच्या हौशी लोकांना टाइप एफ भेटतं ते मुख्यतः जुन्या ब्रिटिश गाड्यांत. बोर्ग-वॉर्नर ३५ हा गिअरबॉक्स त्या काळात अनेक कंपन्यांनी वापरला आणि त्याला टाइप एफच्या जातीचं तेल लागतं. टाइप एफ आजही बनतं. थोडी शोधाशोध करावी लागते, पण मिळतं. ‘मिळत नाही म्हणून डेक्स्रॉन घातलं’ हे मी गॅरेजात फार वेळा ऐकलंय आणि त्यात बहुतेक वेळा शोधण्याचा कंटाळाच असतो.

डेक्स्रॉनची वंशावळ मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची अडचण तिथे आहे. १९४९ साली जनरल मोटर्सने टाइप ए काढलं, १९५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि १९६७ मध्ये डेक्स्रॉन. आणि या तेलांत घर्षण सुधारण्यासाठी काय असायचं माहीत आहे? स्पर्म व्हेलचं तेल! इतकं तापमान सोसणारं, गंज रोखणारं आणि प्लेटांची पकड मऊ ठेवणारं स्वस्त रसायन त्या वेळी दुसरं नव्हतं. सत्तरच्या सुमारास अमेरिकेने या देवमाशाला संरक्षण दिलं आणि तो पुरवठा संपला. मग डेक्स्रॉन टू आलं. पण देवमाशाचं तेल गंजही रोखत होतं, ते काम नव्या रसायनाला जमेना. रेडिएटरमधल्या ऑइल कूलरचे सांधे गंजायला लागले आणि जनरल मोटर्सला सूत्र पुन्हा बदलावं लागलं. म्हणूनच टूच्या पुढे सी, डी अशी अक्षरं दिसतात.

नव्वदच्या दशकात थ्री आलं, त्याच्याही आवृत्त्या झाल्या. २००५ मध्ये सिक्स आलं आणि २००६ संपता संपता जनरल मोटर्सने थ्रीचा परवाना देणंच बंद केलं. आज दुकानात ‘डेक्स्रॉन थ्री’ म्हणून जी बाटली मिळते, ती त्या मानकाची आहे असं फक्त बाटली भरणारा म्हणतो, जनरल मोटर्स नाही. याचा अर्थ ते तेल वाईटच असं नाही. नावाजलेल्या कंपनीचं असेल तर ते त्या जातीचंच असतं. पण तो छाप हमी देत नाही. डेक्स्रॉन सिक्सच्या अस्सल बाटलीवर ‘J’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो शोधा. आणि बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत ‘मान्यताप्राप्त’ आणि ‘यासाठी योग्य’ असे दोन प्रकार असतात. पहिला प्रकार म्हणजे गाडी बनवणाऱ्याने तेल तपासलंय. दुसरा म्हणजे तेल विकणाऱ्याला तसं वाटतं. तीस गाड्यांची नावं असलेली बाटली दिसली की मी तरी खाली ठेवतो.

मग थ्रीच्या जागी सिक्स घालावं का? जनरल मोटर्सची गाडी असेल तर घाला. टू आणि थ्रीच्या जागी सिक्स चालतं असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. त्यांच्या शेवरले इम्पालासारख्या गाडीत दोन गिअरचा पॉवरग्लाइड असेल, मूळ तेल टाइप ए असेल, तरी पुढचा डेक्स्रॉन त्याची जागा घेतो. फक्त एक लक्षात ठेवा. नवं थ्री शंभर अंश सेल्सिअसला साधारण सात सेंटिस्टोक्सचं असतं (हे तेलाचा दाटपणा मोजायचं एकक), सिक्स सहाच्या आसपास. म्हणजे सिक्स मुळातच पातळ आहे. ते वापरात आपला पातळपणा टिकवून धरतं, आणखी पातळ होत नाही, हा त्याचा खरा गुण. पण साठ वर्षांच्या कडक झालेल्या सीलमधून थ्री झिरपत असेल तर सिक्स टपकेल.

जनरल मोटर्सची नसलेली, पण डेक्स्रॉन मागणारी गाडी असेल तर मी जरा हात आखडता घेतो. जनरल मोटर्सने आपल्या गिअरबॉक्सपुरती ग्वाही दिलीय, दुसऱ्याच्या नाही. तिथे मी थ्रीच्या जाडीचं, त्या त्या कंपनीच्या मान्यतेचं तेल शोधतो. डिपस्टिकवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा का, तर तेही नाही. १९८९ च्या क्रायस्लर मिनीव्हॅनमध्ये नवा चार गिअरचा गिअरबॉक्स आला. त्याला क्रायस्लरचं स्वतःचं तेलच लागायचं, पण कागदोपत्री डेक्स्रॉनही चालेल असं म्हटलेलं होतं. लोकांनी घातलं आणि टॉर्क कन्व्हर्टरमधला क्लच थरथरायला लागला.

आता आपल्या पुण्याच्या गाडीकडे. मर्सिडीजने १९९५ मध्ये टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरीच्या आवारात डब्ल्यू १२४, म्हणजे तेव्हाची ई-क्लास, जोडायला सुरुवात केली. त्यांतल्या ऑटोमॅटिक गाड्या आज हौशी लोकांकडे आहेत, आजच्या चिठ्ठ्यांतही आहेत. त्यात चार गिअरचा ७२२.४ जातीचा गिअरबॉक्स असतो, सगळा व्हॅक्यूम आणि तेलाच्या दाबावर चालणारा, त्याला वायर जवळजवळ नाही. तो साधारणपणे दुसऱ्या गिअरमध्ये सुटतो. ‘उचलत नाही’ म्हणून तेल बदलणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. त्याला डेक्स्रॉन टू किंवा थ्रीच्या जातीचं तेल लागतं. मर्सिडीजच्या मान्यतेच्या यादीत २३६ ने सुरू होणारे क्रमांक असतात, त्यांतला जुन्या गिअरबॉक्ससाठीचा क्रमांक बाटलीवर बघा. सिंथेटिक नको, लो व्हिस्कॉसिटी, म्हणजे पातळ तेल, तर नकोच.

या गाडीत तेलावर खापर फुटतं, पण दोष दुसरीकडे असतो, त्याचं एक उदाहरण दाखवतो. गिअरबॉक्सच्या बाजूला बसकी डबी असते, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. इंजिनाकडून बारीक नळीने येणाऱ्या व्हॅक्यूमप्रमाणे ती गिअरबॉक्समधला तेलाचा दाब कमी-जास्त करते. तिच्या आतलं रबर फाटलं की इंजिन त्या बारीक नळीतून गिअरबॉक्सचं तेल ओढतं आणि जाळतं. खाली थेंब नाही, पण डिपस्टिक दर महिन्याला खाली. सायलेन्सरमधून पांढरट धूर. गिअर धडकन बसतो. मालक म्हणतो, तेल चुकीचं पडलं. नळी काढा, पांढरा टिश्यू पेपर पिळून आत घाला. लाल आलं, तर तेलाचा काही दोष नाही, डबी बदला.

त्याच्या पुढच्या डब्ल्यू २१० मध्ये पाच गिअरचा ७२२.६ आहे. याची जात निराळी. याच्या कन्व्हर्टरचा क्लच पूर्ण बंद न होता मुद्दाम किंचित घसरत चालतो, म्हणजे तेलातलं ते रसायन सतत कामाला जुंपलेलं. ते संपलं की साठ-सत्तरच्या वेगाला गाडी खडबडीत पट्ट्यावरून जातेय अशी थरथरते. यात साधं डेक्स्रॉन घालू नका. याचं पहिलं तेल २३६.१० मान्यतेचं होतं, आता त्याच्या जागी २३६.१४ येतं. २३६.१५ हे ते निळं तेल, ते याच्यासाठी नाही. क्रमांक मोठा म्हणजे चांगला, असं समजून लोक तेच उचलतात. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते, नुसती नळी आणि तिच्यावर झाकण. पातळी बघायला वेगळी पट्टी लागते आणि तेलाचं तापमान मोजावं लागतं. आणि ‘आयुष्यभर तेल बदलायची गरज नाही’ असं जे तेव्हा सांगितलं गेलं, ते विसरा. पुढे कंपनीनेच तेल बदलायची मुदत दिली. तेल बदलताना बाजूच्या तेरा पिनांच्या विजेच्या प्लगचे ओ-रिंग, म्हणजे सील करणारी रबरी कडी, तेही बघा. ते कडक झाले की तेल वायरींच्या आतून चढत चढत कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. ऐकायला खोटं वाटतं, पण युनिट उघडल्यावर आत तेल दिसतं.

जपानी गाड्यांबद्दल थोडक्यात. टोयोटाची टी-फोर आणि डब्ल्यूएस ही तेलं एक नाहीत, डब्ल्यूएस पातळ आहे. होंडाचं झेड-वन गेलं आणि डीडब्ल्यू-वन आलं, ते जुन्या झेड-वनवाल्या गाड्यांत चालतं. होंडाच्या गिअरबॉक्सची पातळी इंजिन बंद करून लगेच बघतात, तर मर्सिडीज ७२२.४ ची इंजिन चालू ठेवून, लिव्हर ‘पी’मध्ये, तेल ऐंशी अंशांच्या आसपास तापल्यावर. पद्धत उलटी केली की हिशेब चुकलाच. आणि सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या पट्टा-पुलीच्या ऑटोमॅटिकमध्ये, मग ती दोन हजारच्या दशकातली होंडा सिटी का असेना, साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं तेल) कधीही नाही. तिथे पोलादी पट्टा पोलादी पुलीवर पकड धरून चालतो, त्याचं तेल वेगळ्याच गणिताचं असतं.

तेल बदलताना पॅन काढला तरी निम्मं तेल कन्व्हर्टरमध्ये राहतं. जुन्या मर्सिडीजमध्ये कन्व्हर्टरलाही ड्रेन प्लग असतो. इंजिन हाताने फिरवून तो प्लग खालच्या झरोक्यासमोर आणायचा. घाईतला मेकॅनिक हे करत नाही, म्हणून समोर उभे राहा. ज्या गाडीला असा प्लग नाही आणि आधी काय पडलंय याचा पत्ता नाही, तिथे तेल काढा, योग्य तेल घाला, काही दिवस चालवा, पुन्हा काढा. हळूहळू पहिलं तेल निघून जातं. डिपस्टिक पुसायला धागे सुटणारं फडकं वापरू नका, एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी पुरतो.

शेवटची चिठ्ठी: ‘गाडी गिअर सोडते, स्लिप होते, तेल बदललं तर सुधारेल का? की बदलल्यावर गिअरबॉक्स जाईल?’ हा समज सगळीकडे आहे. आधी पातळी बघा, कमी तेलानेही गाडी स्लिप होते. पातळी बरोबर असेल तर दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि वास घ्या. तपकिरी झालं असेल तर घाबरू नका, रंग उष्णतेने जातो. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी आत शिरलंय, गाडी तिथेच थांबवा. जळका वास आणि बोटाला काळी भुकटी लागली तर अस्तर गेलंय. मग नवं तेल ते परत आणणार नाही, आणि तेल बदललं म्हणून गिअरबॉक्स गेला असंही म्हणता येणार नाही, तो आधीच गेलेला असतो. बाजारात मिळणारी स्लिप बंद करणारी छोटी बाटली सील फुगवून थोडे दिवस ढकलते, एवढंच. ते पैसे क्लच प्लेटांच्या सेटसाठी ठेवा, आणि महागडं तेल ओव्हरहॉल झाल्यावर घाला.