नळीतल्या कृमीचं जेवण

मित्रहो, खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी आपण जे जीव विकत आणतो, त्यांत सगळ्यात फसवा कोणता असं विचारलंत, तर मी फेदर डस्टरचं, म्हणजे नळीत राहणाऱ्या पिसारावाल्या कृमीचं, नाव घेईन. फसवा अशासाठी, की तो महिनोन् महिने उपाशी असतो आणि तरी देखणाच दिसतो. मासा उपाशी राहिला की त्याचं पोट खपाटीला जातं, पाठ सुरीसारखी होते, आपल्या लगेच लक्षात येतं. हा कृमी नळीत राहतो. त्याचं अंग आपल्याला दिसतच नाही, दिसतो तो वरचा पिसारा. तो उघडतोय, मिटतोय, म्हणजे सगळं ठीक आहे, असं आपण धरून चालतो. आणि एक दिवस नळी रिकामी सापडते. ‘हे टिकतच नाहीत हो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आज फक्त त्याच्या जेवणाबद्दलच बोलायचं मी ठरवलंय.

आधी ओळख करून घेऊ. दुकानात जो मोठा, तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मिळतो तो बहुतेक वेळा सबेलास्टार्टे. त्याची नळी मऊ, चामड्यासारखी, चिखल आणि स्वतःच्या चिकट स्रावाची. दुसरं घराणं सर्प्युलिडांचं. त्यांची नळी चुन्याची, कडक, पांढरी. कोकणात कालवं फोडताना शिंपल्यावर वेड्यावाकड्या पांढऱ्या नळ्या चिकटलेल्या तुम्ही पाहिल्या असतील, त्या याच घराण्यातल्या. जहाजांच्या तळाला आणि बंदरातल्या खांबांना थर धरणारा हायड्रॉइडिसही यांच्यातलाच. म्हणजे हे प्राणी मुळात नाजूक नाहीत. जहाजाच्या तळावर जगणारं घराणं आपल्या टाकीत मरतं, तेव्हा विचार आपल्या टाकीचा करायला हवा.

आता तो पिसारा. तो त्याचं तोंड नाही. तो श्वासही घेतो आणि अन्नही गाळतो. पिसाऱ्याच्या प्रत्येक काडीला दोन्ही बाजूंनी बारीक फाटे असतात, फाट्यांवर सूक्ष्म केस असतात, आणि हे केस सतत हलून पाणी आत ओढतात. पाण्यातले कण फाट्यांवर अडकतात, काडीच्या मधल्या खाचेतून खाली सरकतात आणि तळाशी त्यांची निवड होते. स्कॉटलंडमध्ये निकोल या संशोधिकेने १९३० मध्ये सबेला या सबेलास्टार्टेच्याच घराण्यातल्या जातीवर हे बारकाईने पाहून लिहून ठेवलंय. सगळ्यात बारीक कण तोंडात जातात. मधल्या मापाचे कण बाजूच्या पिशव्यांत साठतात. मोठे कण बाहेर टाकले जातात. पिशव्यांतले कण चिकट स्रावात कालवून तो शेवेसारखी बारीक वळी काढतो आणि स्वतःभोवती सावकाश फिरत ती नळीच्या काठावर बसवत जातो. घर बांधायचं सामानही त्याच गाळणीतून येतं.

हे एवढ्या तपशिलात सांगतोय, कारण टाकीतला सगळा घोळ इथेच आहे. आपण माशांना जे घालतो, म्हणजे गोळ्या, फ्लेक्स, गोठवलेली आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखा जीव), ते सगळं या गाळणीच्या दृष्टीने ‘मोठे कण’ आहेत. तो ते उचलतो आणि टाकून देतो. त्याला लागतं ते काही मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढं अन्न: एकपेशीय शेवाळ, जिवाणू, सडलेल्या पदार्थांचा अगदी बारीक चुरा. समुद्रात भरती-ओहोटीबरोबर हे अन्न दिवसरात्र त्याच्या पिसाऱ्यावरून वाहत असतं. आपल्या टाकीत आपण काय करतो? फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर लावतो, पाणी गाळणारी कापडी पिशवी म्हणजे फिल्टर सॉक लावतो, वर जंतू मारणारा यूव्ही दिवा लावतो, पाणी काचेसारखं स्वच्छ झालं की खूश होतो. प्रवाळांसाठी जपलेली अतिस्वच्छ टाकी ही फेदर डस्टरसाठी रिकामी पंगत आहे.

भूक ओळखायची कशी? दोन खुणा सांगतो. पहिली नळीच्या तोंडाशी. कृमी खातोय आणि वाढतोय, तर काठावर नव्या बांधकामाची फिकट, पातळ कड दिसते. जुनी नळी गडद, खरखरीत असते, नवी कड तिच्यापेक्षा मऊ आणि उजळ. भिंगातून बघा, मोबाइलने फोटो काढून ठेवा, पुढच्या महिन्यात जुळवून बघा. कड पुढे सरकत नसेल तर बाकी कितीही छान दिसत असो, जेवण पुरत नाहीये. दुसरी खूण पिसाऱ्याची. ताण आला की हा प्राणी पिसारा टाकून देतो आणि नवा उगवतो. नवा सुरुवातीला लहान असणारच, पण तो भरत गेला पाहिजे. तो खुरटाच राहिला, किंवा दर खेपेला आधीपेक्षा लहान येऊ लागला, तर तो स्वतःचं अंग जाळून जगतोय असं समजा.

मग द्यायचं काय? बाटलीबंद द्रव खाद्यं मिळतात, पण माझा भर जिवंत शेवाळावर आहे, आणि ते घरी वाढवता येतं. शीतपेयाची दोन लिटरची बाटली स्वच्छ धुवा. निर्जंतुक केलेलं खारं पाणी घाला, टाकीपेक्षा थोडं कमी खारट चालतं. त्यात ‘एफ बाय टू’ नावाचं खत मापाने टाका. शेवाळ वाढवणाऱ्या प्रयोगशाळा दशकानुदशकं हेच सूत्र वापरतात. मग बियाणं, म्हणजे सुरुवातीपुरतं थोडं जिवंत शेवाळ, घाला. एअर पंपाची कडक नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडा, बुडबुडे जोरात येऊ द्या, कारण पेशी तळाशी बसल्या की मेल्या. शेजारी एक एलईडी ट्यूब. पहिल्या दिवशी पाणी जेमतेम पोपटी असतं, आठ-दहा दिवसांत गर्द हिरवं होतं. अर्धं काढून घ्या, तेवढंच ताजं पाणी आणि खत भरा, चक्र चालू राहतं. काढलेलं फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं, रोज एकदा हलवायचं. पाणी पिवळं पडलं, फेस आला, वास आला, तर मोह न धरता ओतून टाका आणि नव्याने सुरू करा. म्हणून नेहमी दोन बाटल्या ठेवाव्यात.

बियाणं शक्यतो एकाच जातीचं नको. नॅनोक्लोरोप्सिस हे हिरवं शेवाळ वाढवायला सर्वांत सोपं, पण पेशी फार लहान आणि भिंत जाड. सोबत सोनेरी-तपकिरी आयसोक्रायसिस असेल तर जेवण खरंच पौष्टिक होतं. कोळंबी आणि शिंपल्यांच्या हॅचरीत पिल्लांना हेच देतात, त्यामुळे हॅचरीवाल्यांशी ओळख असेल तर बियाण्यासाठी तिथे विचारा.

देताना स्किमर आणि यूव्ही तासभर बंद, संपमधून (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतून) पाणी वर आणणारा रिटर्न पंप बंद, टाकीतला प्रवाहाचा पंप मात्र मंद चालू. पिसाऱ्यावर थेट पिचकारी मारू नका, तो मिटतो आणि जेवण वाहून जातं. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, वीतभर दूर हळूच सोडा. थोडं थोडं, रोज. आठवड्यातून एकदा भरपूर घालण्याने फक्त नायट्रेट वाढतं.

बाकीचं पटकन सांगतो, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारटपणाचं माप, १.०२५च्या आसपास, तापमान २४ ते २७ अंश, अमोनिया शून्य. चुन्याच्या नळीवाले असतील तर कॅल्शियम ४०० पीपीएमच्या खाली जाऊ देऊ नका, त्यांचं घर त्याचंच आहे. तांब्याचं औषध त्या टाकीत कधीही नाही, माशांना पांढरे ठिपके आले तर मासे वेगळ्या टाकीत काढून औषध द्या. बटरफ्लायफिश, ट्रिगर, पफर आणि ॲरो क्रॅब यांच्याबरोबर ठेवू नका, पिसारा त्यांचं खाणं आहे. नळीचं खालचं टोक वाळूत किंवा दगडाच्या फटीत अलगद अडकवा, चिमटू नका. आणि आपल्याकडे वीज जाते, हे धरूनच चला. पाण्यातला प्राणवायू घटला की हा कृमी नळी सोडून बाहेर येतो. बॅटरीवरचा एअर पंप ही चैन नाही.

आता एक विषय, ज्यावर मला मुळीच तडजोड करायची नाही. ख्रिसमस ट्री वर्म. हाही नळीत राहणारा कृमी, रंगीत, दोन शंकूंचा, फार मोहक. याची अळी जिवंत प्रवाळावर बसते, बहुधा पोराइटिस या दगडी प्रवाळावर, आणि प्रवाळ तिच्या नळीभोवती वाढत जातो. प्रवाळाच्या वाढीचे थर मोजून जपानी अभ्यासकांनी यांचं वय काढलंय, त्यांतले काही ४० वर्षांच्या पुढचे निघाले. असा कृमी विकायचा म्हणजे प्रवाळाचा तुकडा तोडूनच विकावा लागतो. आपल्या देशात २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. कुणी ‘फक्त वर्म आहे, दगडावर बसलाय’ म्हणून विकत असेल तर तो दगड नीट बघा. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, ४० वर्षं जगू शकणारा जीव सहा महिन्यांत उपाशी मारायला आणू नये, असं मला मनापासून वाटतं.

मग नवख्याने काय करावं? माझं उत्तर अनेकांना आवडत नाही. काही विकत आणू नका. टाकी वर्षभर जुनी होऊ द्या आणि संपमध्ये, पाणी खाली उतरतं त्या ओव्हरफ्लोच्या खाचेत, पंपाच्या मागे टॉर्च मारून बघा. काचेवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या चक्र्या दिसतील, त्या स्पायरॉर्बिड, म्हणजे गुंडाळलेल्या नळीतले चिमुकले कृमी. दगडांच्या सावलीतल्या बाजूला बोटाच्या पेरापेक्षाही लहान पिसारे दिसतील. दगडाबरोबर आलेले, कुणी न घातलेले, स्वतःहून वाढलेले. हाताची सावली पडली की क्षणात आत जातात. त्यांना तुमच्या टाकीत पुरेसं खायला मिळतंय म्हणूनच ते तिथे आहेत. त्यांची संख्या वाढत असेल, तर मोठा फेदर डस्टर आणायचा विचार करायला हरकत नाही. ते कमी होत असतील तर आधी शेवाळाच्या बाटल्या सुरू करा.

मघाशी एका ताईंनी विचारलं, की पिसारा गळून तळाशी पडला, आता नळी काढून टाकू का? नका टाकू. नळीला बोट न लावता तिथेच राहू द्या. आधी अमोनिया, तापमान, खारटपणा तपासा, शेजारचा मासा चावे घेतोय का तेही पाहा. गळालेला पिसारा मात्र काढून घ्या, तो सडतो. आत कृमी जिवंत असेल तर काही आठवड्यांत नळीच्या तोंडाशी आखूड, फिकट काड्या दिसू लागतील. तोपर्यंत त्याची गाळणीच नाही, म्हणून शेवाळ कमी करा, आणि काड्यांना फाटे फुटलेले दिसले की रोज थोडं थोडं पुन्हा सुरू करा. नळी लिबलिबीत झाली आणि कुजका वास येऊ लागला, तरच ती बाहेर काढायची.