याच हातांनी

(पडदा काळा. आरी कातड्यातून आरपार जाते, तेवढाच आवाज. मग हात दिसतात.)

आधी कातडं शिवणाऱ्या कारागिराचे हे हात बघा. चेहरा आम्ही मुद्दामच दाखवलेला नाही.

डाव्या अंगठ्याखाली कातड्याच्या दोन पट्ट्या, एकीवर एक चढवून दाबून धरलेल्या. उजव्या हातात आरी. ती सरळ घुसवत नाहीत, किंचित तिरकी घुसवतात, म्हणजे ताण आला तरी एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत कातडं फाटत जात नाही. दोरा एकच, लांबलचक, मेण चोळलेला, दोन्ही टोकांना सुया. एक सुई अलीकडून, दुसरी पलीकडून, दोन्ही त्याच भोकातून. मग दोन्ही हात बाहेरच्या बाजूला ताणले जातात आणि टाका बसतो. ऐका. बसताना त्याचा आवाज येतो.

या टाक्याचा गुण असा, की एक पदर झिजून तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. पण त्याला वेळ लागतो. वीतभर शिवणीला चाळीसेक टाके पडतात, आणि कातड्याच्या तंबूला अशा किती वीती लागत असतील, याचा हिशोब आम्ही तिथेच बसून करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला.

करंगळीच्या मुळाशी ही रेघ दिसते? दोरा रुतून रुतून पडलेली आहे. चित्रीकरण संपल्यावर मी विचारलं, दुखत नाही का? हात पुढे करून ते म्हणाले, “आता हात असाच आहे.”

(करिंथचे खांब. पहाटेचा उजेड.)

हे करिंथ. ग्रीसच्या दोन भागांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीजवळचं शहर, दोन्ही बाजूंना समुद्र, दोन्ही बाजूंना बंदर. समोर दिसतात ते अपोलोच्या मंदिराचे खांब. आज सात उभे आहेत, प्रत्येक खांब एकाच अखंड दगडाचा, इ. स. पू. सहाव्या शतकातला. ज्यांनी हे दगड घडवले आणि उभे केले, त्यांच्यातल्या कुणाचंही नाव या खांबांवर नाही.

इ. स. पू. १४६ मध्ये मुम्मियस या रोमी सेनापतीने हे शहर लुटलं आणि जाळलं. पुरुष मारले गेले, बायकामुलं गुलाम म्हणून विकली गेली. पुढची शंभर वर्षं इथे जवळजवळ ओसाडच होतं. इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसवलं, आणि वसायला आली ती बहुतेक गुलामगिरीतून सुटलेली माणसं. त्याच वर्षी रोमी वक्ता आणि विचारवंत सिसेरो आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहीत होता. कारागिरांचे सगळे धंदे हलके, असं त्यात त्याने लिहून ठेवलं आहे. कामाच्या गाळ्यात स्वतंत्र माणसाला शोभेल असं काही असूच शकत नाही.

मला हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात. सुटका झालेल्या दासांचं शहर, आणि हाताने काम करणं म्हणजे कमीपणा असं शिकवणारा काळ. त्या शहरात साधारण इ. स. ५० मध्ये ख्रिस्ताचा प्रेषित पौल आला. तो गमलिएल या नामवंत यहूदी गुरूच्या पायाशी बसून शिकलेला होता, रोमी नागरिक होता. आणि तो गाळ्यात जाऊन कामाला बसला.

(लेखायन रस्ता. दुतर्फा दुकानांचे पाये.)

रोमहून आलेलं एक जोडपं इथे राहत होतं, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोममधून निघून जायला सांगितलं, तेव्हा ते इथे आले होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय अठरावा: त्यांचा आणि पौलाचा धंदा एकच होता, राहुट्या करण्याचा, म्हणून तो त्यांच्याकडे राहिला आणि त्यांनी मिळून काम केलं. एवढंच लिहिलं आहे. पण हे गाळे बघा. दोन्ही बाजूंना भिंत, पुढे रस्ता, उजेड येणार तो दारातून. म्हणजे काम करणारा दारापाशी बसणार, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं की आम्ही रात्रंदिवस काम करून तुम्हांला सुवार्ता सांगितली, ती याच तऱ्हेने.

त्याला यात काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. तो ज्या लोकांत वाढला, तिथे मुलाला धंदा शिकवणं हे बापाचं कर्तव्य होतं. त्याच्या प्रभूला, येशूला, गावचे लोक ‘सुतार’ म्हणूनच ओळखत. मार्काच्या सहाव्या अध्यायात ते आहे. आणि त्याच्याही मागे जायचं तर उत्पत्तीचा दुसरा अध्याय: देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. काटे, कुसळे, कपाळावरचा घाम हे सगळं तिसऱ्या अध्यायात येतं. काम त्याच्या आधीचं आहे. श्रम म्हणजेच शाप, असं आपल्यापैकी बरेच जण समजतात, अगदी उपासनेला नियमाने येणारेसुद्धा. म्हणून हा क्रम पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो.

करिंथच्या मंडळीकडून पौलाने पैसे घेतले नाहीत. घेण्याचा हक्क आहे, हे त्याने पत्रात सविस्तर मांडलं आहे: मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नये इथपासून. मग तोच विचारतो, तर माझं वेतन काय? आणि उत्तर देतो, सुवार्ता फुकट सांगता येणं. ज्याने दिवसभर आरी चालवली आहे, त्याच्या तोंडी हे उत्तर आहे.

(इस्थमिया. धावण्याच्या शर्यतीची सुरुवातीची रेषा, दगडात कोरलेले चर.)

करिंथपासून थोड्याच अंतरावर दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत. हे चर धावपटूंच्या सुरुवातीच्या रेषेचे. खेळांना लांबलांबून माणसं येत, त्यांना उतरायला तंबू लागत; राहुट्या करणाऱ्यांना या शहरात काम का मिळत होतं, हे इथे उभं राहिल्यावर कळतं.

जिंकणाऱ्याच्या डोक्यावर काय घालत? मराठी बायबलमध्ये ‘मुकुट’ हा शब्द आहे, त्यामुळे आपल्या डोळ्यांपुढे सोनं येतं. इथे तो पाल्याचा असे. कधी पाइनच्या डहाळ्यांचा, कधी सेलरीचा, आणि इस्थमियाची सेलरी वाळवलेली असे. म्हणजे डोक्यावर चढतानाच ती सुकलेली. पौल करिंथकरांना लिहितो, ते नाशवंत मुकुटासाठी धावतात, आपण अविनाशी मुकुटासाठी. पत्र वाचून दाखवलं गेलं तेव्हा ऐकणाऱ्यांना तो पाला समजावून सांगावा लागला नसेल.

(पुन्हा हात. आरी खाली ठेवलेली. दोरा.)

आता ज्या एका शब्दासाठी ही चित्रफीत केली, तो शब्द.

जुन्या करारात उपदेशकाचं पुस्तक आहे. घरं बांधली, द्राक्षमळे लावले, बागा केल्या, तळी खणली, आणि मग आपल्या हातांनी केलेल्या सगळ्या कामांकडे बघून लिहिणारा म्हणतो, सर्व काही व्यर्थ. मूळ हिब्रू शब्द आहे ‘हेवेल’. वाफ, श्वास. थंडीत तोंडातून निघते आणि बघता बघता नाहीशी होते, ती. त्याचं सगळ्यात मोठं दुखणं दुसऱ्या अध्यायात आहे: मी जे कष्टाने उभं केलं ते माझ्यामागून येणाऱ्याच्या हाती जाणार, आणि तो शहाणा निघेल की मूर्ख, कुणास ठाऊक.

हे दुखणं खरं आहे. ब्रिटनच्या उत्तर भागात विंडोलांडा इथे रोमी सैन्याच्या तंबूंचे तुकडे ओल्या मातीत टिकून राहिले, शेळीच्या कातड्याचे. शिवणींची भोकं अजून मोजता येतात. ती ज्याने पाडली त्याचं नाव कुणाला माहीत नाही, आणि त्याने घातलेल्या टाक्यांतला दोराही गेला आहे. एकोणीसशे वर्षं टिकलेलं कामही त्या माणसापुरतं वाफच.

पौल या व्यर्थपणाला बगल देत नाही. करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय. अठ्ठावन्न वचनं, आणि विषय एकच, पुनरुत्थान. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असं तो तिथे सरळ लिहितो. मेलेले उठत नसतील तर खाऊ-पिऊ, उद्या मरायचंच आहे, हेही लिहितो. मग ख्रिस्त खरोखर उठला आहे म्हणतो, शेवटचा कर्णा वाजवतो, मरणाला त्याची नांगी विचारतो. आणि इतक्या उंचावर गेल्यावर शेवटचं वचन सुरू होतं ‘म्हणून’ या शब्दाने. म्हणून स्थिर व अढळ व्हा, प्रभूच्या कामात सदा तत्पर असा, कारण “प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत.”

उपदेशकाचा ‘व्यर्थ’ आणि इथला ‘व्यर्थ’ मराठीत एकच शब्द आहे. मराठीत वाचणाऱ्याला हे फार मोठं दान मिळालं आहे असं मला वाटतं, कारण प्रश्न आणि उत्तर एकाच शब्दात कानावर पडतात. आणि ‘श्रम’ यासाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द ‘कोपोस’ म्हणजे अंग मोडून टाकणारे कष्ट. संध्याकाळी पाठीला जाणवतात ते.

पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते, ते पुष्कळ शतकांनंतर घातले गेले. त्यामुळे मूळ पत्रात या ‘व्यर्थ नाहीत’च्या पाठोपाठ लगेच काय येतं, तर यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी वर्गणी: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. कर्ण्याच्या आवाजातून थेट कमाईच्या पैशांवर.

(करिंथच्या चौकातला दगडी चौथरा.)

हा चौथरा म्हणजे ‘बेमा’, न्यायासन. गल्लियो इथला रोमी अधिपती असताना पौलाला न्यायासनापुढे इथेच उभं केलं. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखामुळे गल्लियोचा काळ इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा धरतात. त्याने खटला ऐकूनही घेतला नाही. नंतर करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो, आपल्या सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभं राहायचं आहे. शब्द तोच, बेमा. आणि पहिल्या पत्रात म्हणतो, तेव्हा ज्याची त्याची प्रशंसा देवाकडून होईल. सगळंच टिकेल असं मात्र त्याने म्हटलेलं नाही. गवत आणि पेंढा अग्नीत जळेल, सोनं-रुपं राहील. ज्याचं काम जळेल त्याचं नुकसान होईल, तो स्वतः वाचेल, पण आगीतून बाहेर पडल्यासारखा.

(रात्रीचा वॉर्ड. एक परिचारिका रुग्णाची कूस बदलते. इथे निवेदन नाही. पंधरा सेकंद.)

‘प्रभूचं काम’ म्हणजे उपदेश आणि प्रार्थनासभा, एवढाच अर्थ धरला तर या दृश्यातल्या बाईंसाठी त्या वचनात काही उरत नाही. तो अर्थ मला पुरेसा वाटत नाही. कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय म्हणतो, जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून न करता प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. हे लिहिलं आहे ते दासांना. ज्यांच्या नावावर कायद्याने काही नव्हतं, जे स्वतःच मालकाच्या मालमत्तेत मोजले जात, त्यांना. आणि त्यांना मिळणार काय, तर मराठी बायबलचा शब्द ऐका: वतन. प्रभूपासून वतनरूप प्रतिफळ. ज्याला बापाकडून काही मिळू शकत नव्हतं, त्याला पुत्राचा वाटा.

पौल करिंथहून निघाला. पुढे इफिस, यरुशलेम, कैद, रोम; तिथेच त्याचा शेवट झाला, असं मंडळीची परंपरा सांगते. इफिसच्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांचा मिलेत या बंदरात निरोप घेताना, माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा ‘याच हातांनी’ भागवल्या, असं तो म्हणाला. वाचताना वाटतं, त्याने ते पुढे करून दाखवले असणार.

(हात. आरी बाजूला होते. बोरू उचलला जातो.)

करिंथचं ते पत्र त्याने इफिसहून पाठवलं. मजकूर तो सांगत होता, लिहीत दुसराच कुणी होता. अगदी शेवटी, सोळाव्या अध्यायात, त्याने बोरू स्वतःकडे घेतला आणि एक ओळ लिहिली.

मी पौल, हा सलाम माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे.