रंगपट्टीची दोन टोकं

मित्रांनो, जळगाव-भुसावळचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे सरकतो, तेव्हा शेवरीचं नाहीतर गजराज गवताचं कुंपण असूनही केळीच्या बागा होरपळतात. अशा उन्हाचा नकाशा आपण पायथॉनमध्ये काढतो, तेव्हा रंगपट्टीची, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठला रंग हे दाखवणाऱ्या नकाशाशेजारच्या पट्टीची, दोन टोकं कुठे ठेवायची, एवढंच आज बोलतो.

समजा एप्रिल आणि मे, असे दोन नकाशे शेजारी ठेवले. एप्रिलचे आकडे ३६ ते ४२, मेचे ४० ते ४६. रंग पिवळ्यापासून गडद लालपर्यंत. मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीतल्या कंटूरएफला (रंगांचे भरीव पट्टे काढणाऱ्या फंक्शनला) काहीच सांगितलं नाही, तर तो प्रत्येक नकाशाची टोकं त्या त्या आकड्यांवरून घेतो. एप्रिलमध्ये यावलच्या ४२ अंशांना जो लाल मिळतो, तोच मेमध्ये ४६ ला. बघणाऱ्याला दोन्ही महिने सारखेच तापलेले वाटतात. आकडा एकही खोटा नाही, तरी नकाशा फसवतो! मला ही गोष्ट फार गंभीर वाटते.

यावर बरेच जण व्हीमिन (रंगांचा सगळ्यात खालचा आकडा) ३४ आणि व्हीमॅक्स (सगळ्यात वरचा) ४८ देऊन मोकळे होतात. रंग जुळतात, पण मेची पट्टी ४० ते ४६ एवढीच राहते. का? भरीव कंटूरमध्ये पट्टे पाडतात त्या लेव्हल्स, म्हणजे पट्ट्यांच्या सीमांचे आकडे, आणि रंगपट्टी त्यांच्यावरूनच बनते. व्हीमिन-व्हीमॅक्स फक्त कुठल्या आकड्याला कुठला रंग ते ठरवतात. म्हणून लेव्हल्सच हाताने द्या: एनपी (नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी) डॉट अरेंज, कंसात ३४, ४९, २, म्हणजे सुरुवात, शेवट आणि पायरी. अरेंज शेवटचा आकडा धरत नाही, ४८ हवे म्हणून ४९ लिहायचं. हीच यादी दोन्ही नकाशांना. सोबत कंटूरएफच्या एक्स्टेंड या पर्यायाला 'बोथ' द्या. नाही दिलं तर ४८ च्या वरची जागा कोरी राहते, म्हणजे सगळ्यात जास्त तापलेलं गावच नकाशातून गायब. दिलं, की पट्टीच्या दोन्ही टोकांना त्रिकोण येतात आणि हद्दीबाहेरचा आकडाही रंगात दिसतो.

त्याआधी फाइल मात्र बघून घ्या. नोंद नाही तिथे उणे ९९९ भरलेलं असेल आणि लेव्हल्स आपण दिलेल्या नसतील, तर अख्खं खान्देश एकाच रंगात बुडतं. नमपायच्या मास्क्ड इक्वल या फंक्शनने ते आकडे झाका.

उंचीच्या नकाशात वेगळीच अडचण येते. तापीकाठ २०० मीटरच्या आसपास, तोरणमाळ हजाराच्या वर. १५०, २००, २५०, ३००, ५००, ८००, १२०० अशा विषम लेव्हल्स दिल्या, तरी रंग आकड्यांच्या प्रमाणातच वाटले जातात, त्यामुळे खालचे तीन पट्टे जवळजवळ एकसारखे दिसतात. तिथे नॉर्म (आकड्यांना रंग वाटून देणारा नियम) म्हणून मॅटप्लॉटलिबचा बाउंडरीनॉर्म घ्या, त्याला हीच यादी आणि २५६ रंग द्या. मग प्रत्येक पट्ट्याला रंगाचा सारखा वाटा मिळतो आणि तापी-गिरणेची सपाटीही सातपुड्याइतकीच स्पष्ट वाचता येते.