२० मिनिटं आणि दोन क्लेनुर

श्रोतेहो, नमस्कार. मी मूळची सातारची. गेली सहा वर्षं आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविकला राहते आणि एका हॉटेलच्या लाँड्रीत काम करते. घरी स्वयंपाक, लेकीचा अभ्यास. भाषा शिकायला वेळ उरतो तो बसमधला. ह्लेम्मुरच्या स्टॉपपर्यंत २० मिनिटं. रोज २०, जास्त नाही.

आइसलँडिक बोलणारे चार लाखांच्या आत. पण विभक्त्या चार, लिंगं तीन. तिथली पोरं शाळेत घोकतात, ‘हेर एर हेस्तुर, उम हेस्त, फ्राऊ हेस्ती, तिल हेस्त्स’. म्हणजे इथे घोडा, घोड्याविषयी, घोड्यापासून, घोड्याकडे. आपण ‘रामः रामौ रामाः’ घोकलं तसंच. आइसलंड विद्यापीठाचा ‘आइसलँडिक ऑनलाइन’ हा फुकट अभ्यासक्रम आहे, २००४ पासून. तो मोबाइलवर उघडायचा, बसमध्ये एक वाक्य घ्यायचं आणि त्याच दिवशी दुकानात बोलायचं. बसमध्ये एक वाक्य, दुकानात तेच वाक्य. माझी पद्धत एवढीच.

अडचण अशी की दुकानदार लगेच इंग्रजीवर येतात. सौजन्य हो! पुण्यात कुणी परप्रांतातला माणूस मोडकं मराठी बोलला की आपण नाही का हिंदीत उत्तर देत? ते आधी बंद करायला हवं. असो.

माझं पहिलं वाक्य होतं ‘त्वो स्नूदा’. स्नूदुर म्हणजे दालचिनी घातलेला गुंडाळीचा गोड पाव, त्वो म्हणजे दोन. वाक्य जमलं, मग रोज तेच. तीन आठवडे घरात दोन स्नूदुर! शेवटी आमचे हे म्हणाले, ‘‘अगं, दुसरं काही मिळत नाही का त्या दुकानात?’’

मिळतं ना, क्लेना मिळते. शंकरपाळ्याला पीळ देऊन तळलं की झाली क्लेना. पण ती स्त्रीलिंगी! आणि आइसलँडिकमध्ये एक ते चार हे आकडे लिंगाप्रमाणे बदलतात. पुल्लिंगी त्वो, स्त्रीलिंगी त्वायर, नपुंसकलिंगी त्व्यो. आपलंही तसंच की, दोघे भाऊ, दोघी बहिणी, दोघं भावंडं. तिघी, चौघी, आणि पुढे सरळ पाच जणी. त्यांचेही नखरे चारापर्यंतच. हे बसमध्ये लक्षात आलं तेव्हा मी एकटीच हसले. शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढली.

दुकानात काउंटरवर नवा मुलगा, पोलंडचा. तिथे पोलिश लोक खूप आहेत. त्याचं इंग्रजी माझ्या आइसलँडिकसारखं. मी म्हटलं, ‘‘त्वायर क्लेनुर.’’ तो म्हणाला, ‘‘त्वो क्लेनुर?’’ मी म्हटलं, ‘‘त्वायर.’’ तो गोंधळला, मग मीही गोंधळले. मागे एक आजी उभी होती, तिने छडीने फरशी ठोकली. ‘‘त्वायर!’’ आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, ‘‘त्वायर!’’ रांगेतले सगळे हसले. इंग्रजीचा एक शब्द कुणी काढला नाही. त्याला काढता येईना, मला काढायचा नव्हता.

तेव्हापासून मी त्याच्याच काउंटरला जाते. सराव करायचा तर असा माणूस शोधा, ज्याच्याशी बोलायला तुमच्याकडे दुसरी भाषाच नाही.

आणि हो, तिथे कॉम्प्युटरला ‘त्योल्वा’ म्हणतात. आकडा आणि भविष्य सांगणारी बाई, या दोन जुन्या शब्दांचा जोड. सगळे सहज म्हणतात. आपण संगणक म्हटलं की लोक भाषणाला बसल्यासारखा चेहरा करतात. जाऊ दे.

तर त्या मुलाची गोष्ट. आठवड्याने मी पुन्हा गेले आणि ‘‘त्वायर क्लेनुर’’ म्हटलं. त्याने पिशवीत दोन घातल्या, इकडेतिकडे बघून आणखी एक घातली आणि छाती काढून म्हणाला, ‘‘थ्र्याऊर!’’

तीन. स्त्रीलिंगी. त्याच्या बसमधल्या धड्यात तो माझ्या एक आकडा पुढे गेला होता.