खुनी कोण हे कळल्यावर

'ट्विन पीक्स' ही अमेरिकन टीव्ही मालिका मधेच घसरली, हे तिचे चाहतेसुद्धा मान्य करतात. वाद आहे तो नेमकी कुठे घसरली याचा, आणि तो तीस वर्षांहून जास्त काळ चाललाय.

8 एप्रिल 1990 ला अमेरिकेत पहिला भाग दाखवला गेला. लॉरा पामर या शाळकरी मुलीचं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं प्रेत पाण्याकाठी सापडतं, एफबीआयचा डेल कूपर तपासाला येतो. लॉराला कुणी मारलं, हा प्रश्न घराघरांत पोचला. मालिकेचे कर्ते दोघे, डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट. त्यातल्या लिंचना उत्तर द्यायचंच नव्हतं. पण वाहिनीने धोशा लावला, आणि नोव्हेंबर 1990 मध्ये, दुसऱ्या सीझनच्या सातव्या भागात, खुनी तिचा बापच निघाला.

चाहत्यांचा एक गट म्हणतो, मालिका त्याच रात्री संपली. लिंचही पुढे म्हणत राहिले की सोन्याची अंडी देणारी कोंबडी तिथे मारली गेली. दुसरा गट म्हणतो, उत्तर द्यायलाच हवं होतं. पुढे सांगण्यासारखं काही हाताशी नव्हतं, ही खरी चूक. त्यांचे दाखले बिनतोड आहेत. लॉराचा छुपा प्रियकर जेम्स मोटरसायकलवरून गाव सोडतो आणि एका परक्या श्रीमंत बाईच्या भानगडीत अडकतो. गावातली नदीन ही लग्न झालेली बाई स्वतःला पुन्हा शाळकरी मुलगी समजते आणि कुस्तीच्या संघात शिरते. निव्वळ पाणी घातलेले भाग!

मी दुसऱ्या गटातला. खुन्याचं नाव कळतं तो भाग लिंच यांनीच दिग्दर्शित केलाय आणि तो आजही मला एकट्याने बघवत नाही. अशा भागाने मालिका मारली, हे मला पटत नाही. माझं बोट वेगळ्या जागी आहे. तीनच भागांनंतर लॉराच्या वडिलांच्या अंत्यविधीनंतरचा प्रसंग येतो. लोक जमलेत, खाताहेत, गप्पा मारताहेत, गावचा म्हातारा महापौर भावाशी भांडतोय. आणि लॉराची आई त्याच गर्दीत बसलेली. मुलगी गेली, तिला मारणारा नवराही गेला, आणि गाव तिसऱ्या दिवशी मोकळं झालं! पहिल्या सीझनमध्ये याच गावात लॉराचं नाव निघालं की माणसं कोलमडत होती. रहस्य संपलं त्याचं मला दुःख नाही. सुतक संपवलं, त्याचं आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच मालिका शनिवारी रात्री ढकलली गेली होती, प्रेक्षक गळत गेले, आणि जून 1991 मध्ये तीस भागांवर ती थांबली. शेवटच्या भागात मेलेली लॉरा एका स्वप्नवत खोलीत कूपरला सांगते, पंचवीस वर्षांनी भेटू.

2017 मध्ये मालिका खरोखर परतली. अठरा भाग, सगळे लिंच यांनी दिग्दर्शित केलेले. आणि वाद पुन्हा पेटला. कॉफीचा घोट घेऊन खुलणारा कूपर भेटेल म्हणून बसलेल्यांना तो सोळाव्या भागापर्यंत शुद्धीवरच आलेला दिसत नाही. चिडलेल्या चाहत्यांना मी दोष देत नाही. वाट पाहणं खूप झालं होतं.

पण शेवटचा भाग आठवा. हुबेहूब लॉरासारख्या दिसणाऱ्या बाईला कूपर रात्री लॉराच्या घरापाशी आणतो. दार उघडणारी बाई अनोळखी. पामर हे नाव तिने ऐकलेलंच नाही. दोघं रस्त्यावर येऊन उभी राहतात. मग कुठून तरी आईची हाक येते, "लॉरा!" ती बाई जिवाच्या आकांताने किंचाळते, आणि घरातले दिवे जातात.