निळ्या पेशी, लाल पेशी

पडद्यावर दिसताहेत त्या हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी. अंधाऱ्या खोलीत, मायक्रोस्कोपखाली, काचेला चिकटून पसरलेल्या. सगळ्या निळ्या. आता बशीत पेशींना चेतवणाऱ्या हिस्टामिनचा एक थेंब पडतो... आणि काही सेकंदांत एक पेशी हिरवी, पिवळी, लाल होत जाते. मग तिची शेजारीण. हे रंग संगणकाने भरलेत; पण ज्याच्यामुळे ते बदलले, ते कॅल्शियम खरंखुरं आहे.

स्नायू आखडतो, हृदयाचा ठोका पडतो, तो याच कॅल्शियमच्या इशाऱ्यावर. शांत पेशीत ते जेमतेम 100 नॅनोमोलर (द्रावणातलं प्रमाण मोजायचं अतिसूक्ष्म एकक) असतं. पेशीबाहेर त्याच्या सुमारे 10,000 पट. शिवाय आत मॅग्नेशियमची गर्दी. त्या गर्दीत नेमकं कॅल्शियम हेरायचं कसं?

1980 साली रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांनी बाप्टा नावाचा रेणू मांडला. ऋण प्रभार असलेले त्याचे चार हात कॅल्शियमला कवेत घेतात. मॅग्नेशियमचा आयन लहान, तो त्या कवेत नीट बसत नाही. पण असा प्रभारित रेणू पेशीच्या तेलकट पटलातून आत जाईना. सुईने टोचावं, तर एवढ्याशा पेशीला ते सोसत नाही.

1981 साली त्यांनी काढलेली तोड मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्या हातांवर एस्टर नावाच्या रासायनिक गटांची टोपणं चढवली. प्रभार झाकले गेले आणि रेणू अलगद आत शिरला. आत पेशीचीच एन्झाइम्स ती टोपणं कापून काढतात, प्रभार पुन्हा उघडे पडतात, आणि रेणूला बाहेरची वाट बंद होते. पेशीला ओरखडाही न काढता!

1985 मध्ये ग्रिन्किएविच, पोएनी आणि त्सिएन यांचा फ्युरा-2 आला: बाप्टासारखेच हात असलेलं, प्रकाशात उजळणारं रंगद्रव्य. कॅल्शियम धरलं, की 340 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तो जास्त उजळतो, 380 मध्ये मंदावतो. दोन्हींचं गुणोत्तर घ्यायचं; पडद्यावरचे रंग त्यावरूनच भरले जातात. मग पेशी जाड की पातळ, रंगद्रव्य कमी की जास्त, यांमुळे होणारी फसगत बरीच टळते.

एक पथ्य मात्र पाळावंच लागतं. फ्युरा कॅल्शियम नुसतं दाखवत नाही, धरूनही ठेवतो. तो जास्त भरला, की कॅल्शियमची लाट उठतानाच दबते, आणि आपण पेशीऐवजी आपलंच रंगद्रव्य मोजत बसतो.

हिस्टामिन धुऊन काढलंय. लाल पिवळ्यावर आला... हिरवा... कोपऱ्यातली एक पेशी अजून एकदा उजळते. मग तीही निळी.