ग्रीन टी कडू लागतो? आधी गॅस बंद करा

नमस्कार मंडळी! आपल्याकडे चहा करायचा म्हणजे आधण ठेवायचं, आलं ठेचून टाकायचं, पावडर, दूध, साखर आणि दणकून उकळी. मी पहिल्यांदा जपानी सेंचा आणला, तेव्हा हेच केलं. दूध घातलं नाही, एवढाच काय तो शहाणपणा. कडूजहर! त्यापेक्षा आजीचा काढा बरा.

(पानं तळहातावर घेऊन) हा तो सेंचा, जपानमध्ये घरोघरी पितात तो. चीनमध्ये ग्रीन टीची पानं बहुधा कढईत परततात, जपानी लोक मात्र ती खुडल्याबरोबर वाफवतात. म्हणून हा गडद हिरवा रंग. मग मळत मळत वाळवतात, की अशा सुया होतात. ही रीत १७३८ च्या सुमारास क्योतोजवळच्या उजी भागातल्या नागातानी सोएन यांनी बसवली.

आता कडूपणाचं गणित. पानात थिअनिन असतं, त्याने चव गोडसर आणि भरीव लागते. आणि कॅटेचिन असतं, ते तुरट. थिअनिन कोमट पाण्यातही उतरतं. कॅटेचिन सुटायला पाणी चांगलं गरम लागतं. आपण उकळतं पाणी ओततो आणि नावं पानांना ठेवतो!

सेंचाला ७०-८० अंश पुरे. थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की साधारण दहा अंश उतरतं. दोनदा ओता, झालं. जपानमध्ये त्यासाठी युझामाशी नावाचं वेगळं भांडंच असतं. आपली वाटी चालते.

(किटली उचलून) ही क्यूसू. दांडा बघा, तोटीच्या समोर नाही, बाजूला. मनगट वळवलं की चहा पडतो, अंगठा झाकणावर राहतो. आइची प्रांतातल्या तोकोनामे गावची लाल मातीची क्यूसू प्रसिद्ध आहे. दोन कपांना पाचेक ग्रॅम पानं, एक मिनिट, आणि ओतताना शेवटचा थेंबसुद्धा ठेवायचा नाही. आत पाणी राहिलं तर पुढचा चहा कडू. दुसऱ्या खेपेला पानं उमललेली असतात, लगेच ओता.

ऊन लागलं की पानातल्या थिअनिनचं कॅटेचिन होत जातं. म्हणून ग्योकुरो नावाच्या उंची चहाच्या झाडांवर खुडणीआधी वीसेक दिवस सावली धरतात. त्याला ५०-६० अंशच पाणी आणि घोटभरच चहा. महाग असतो, सुरुवात त्याने करू नका. माचाही सावलीतलाच, पण ती पानं न मळता वाळवतात, देठ-शिरा काढतात आणि दगडी जात्यात दळतात. एका जात्यातून तासाला जेमतेम ४० ग्रॅम! गाळायचं काही नाही, अख्खं पान पोटात जातं. घुसळायला एकाच बांबूच्या तुकड्यातून चिरून काढलेली ही रवी, चासेन.

आणि उकळतं पाणी ओतायची खोड जातच नसेल, तर होजिचा घ्या. भाजलेली पानं, खमंग वास, कॅफिन कमी. माझ्या घरी सगळ्यात आधी हाच संपतो.

आता चहाबरोबरचं जपानी गोड. यात तूप नाही, दूध नाही, वेलची नाही. पण आत काय असतं? पुरण! आपलं चणाडाळीचं, त्यांचं अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं, साखर घालून आटवलेलं. त्याला आन्को म्हणतात. साल ठेवलं तर त्सुबुआन. चाळून मऊसूत केलं, आपण पुरणयंत्रातून काढतो तसं, की कोशिआन. तेच अगर-अगरमध्ये, म्हणजे आपल्या चायना ग्रासमध्ये, घट्ट केलं की योकान, तांदळाच्या चिकट पिठात भरलं की दाइफुकू.

फक्त खायचा क्रम लक्षात ठेवा. चहाच्या समारंभात आपल्यासारखं एक घोट, एक घास नाही. गोड आधी पूर्ण संपवायचं, मग माचा. तोंडात साखर रेंगाळत असते, त्यावर तो कडसर घोट येतो. (योकानचा तुकडा तोंडात टाकत) थांबा, हे संपू दे.